वहिवाट

लंडनला यायचे कबूल करताना अप्पांनी एकच अट घातली होती. राजवाडे आणि मेणाचे पुतळे दाखवायला नेऊ नकोस, जिथे पायी चालता येईल आणि चालता चालता काही कळेल अशा जागी ने, असे त्यांनी मला फोनवर सांगितले होते. त्यामुळे जूनमधल्या एका शनिवारी सकाळी मी त्यांना नॉटिंग हिल गेट स्थानकाबाहेर घेऊन गेले. तिथून निघणाऱ्या एका पदभ्रमंतीत आम्ही नाव नोंदवले होते. भटकंती घडवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या, आयुष्याची चाळीस वर्षे त्यांनी याच वस्तीत काढली होती, आणि त्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेली एका जुन्या नकाशाची प्रत होती. आम्ही मिळून अकरा जण होतो. रात्रभर पाऊस पडून गेल्यामुळे फुटपाथ ओले होते, आणि पोर्टोबेलो रोडच्या बाजाराकडे निघालेल्या पर्यटकांचा लोंढा आम्हाला वळसा घालून पुढे जात होता.

पेंब्रिज रोड आणि केन्सिंग्टन पार्क रोड जिथे एकमेकांना मिळतात तिथे बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "आपण आता प्रवेशद्वारातून आत जात आहोत." समोर दुकाने होती, बसथांबा होता, पांढऱ्या रंगाची उंच घरे होती. द्वार कुठेच नव्हते. याच जागी ३ जून १८३७ रोजी लंडनच्या वेशीवरचे घोड्यांच्या शर्यतींचे मैदान उघडले होते. त्याचे नाव हिप्पोड्रोम. जॉन व्हाइट नावाच्या गृहस्थाने १८३६ साली जेम्स वेलर लॅडब्रोक या जमीनदाराकडून सुमारे १४० एकर जमीन भाडेपट्ट्याने घेतली, तिच्याभोवती सात फूट उंचीचे लाकडी फळ्यांचे कुंपण घातले आणि आत शर्यतीच्या धावपट्ट्या आखल्या. त्या काळी इथून पुढे शहर संपून गवताळ रान सुरू होत असे. एप्सम आणि ॲस्कॉट ही नामांकित मैदाने लंडनपासून दूर होती. हाइड पार्कमधून सहज रपेट करत येता येईल इतक्या जवळ शर्यती भरवल्या तर अख्खे शहर लोटेल, असा त्याचा हिशेब होता. लॉर्ड चेस्टरफील्ड आणि काउंट दॉर्से यांच्यासारखी त्या काळातली बडी मंडळी पंच म्हणून त्याने मिळवली होती. पहिल्या शर्यतीनंतर सतराव्या दिवशी, २० जूनला, इथून हाकेच्या अंतरावरच्या केन्सिंग्टन राजवाड्यात राहणारी अठरा वर्षांची व्हिक्टोरिया राणी झाली. नव्या मैदानाला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता.

आणि तरीही पाच वर्षांच्या आत हे मैदान बुडाले. १८३७ ते १८४१ या काळात इथे एकंदर तेरा वेळा शर्यती भरल्या, शेवटची १८४१ च्या जून महिन्यात, आणि पुढच्या वर्षी व्हाइटने जमिनीवरचा हक्क सोडून दिला. त्यानंतर घरे आली ती आजतागायत आहेत.

नाहीशा झालेल्या जागा पाहायला जाणे ही तशी अवघड गोष्ट असते. पडका किल्ला असला तर निदान तटाचा एखादा दगड हाती लागतो. इथे दगडसुद्धा नाही. लॅडब्रोक स्क्वेअरच्या कडेने आम्ही चालत होतो तेव्हा बाई नकाशावर बोट ठेवून सांगत होत्या की आपण आता मैदानाच्या आत आहोत, आणि माझ्या डोळ्यांपुढे उभ्या होत्या त्या गाड्यांच्या रांगा आणि लोखंडी गजांचे कुंपण घातलेली सात एकरांची बाग. ही बाग सार्वजनिक नाही. भोवतालच्या घरांत राहणाऱ्यांकडे तिच्या किल्ल्या असतात, आणि इतरांना वर्षातून एखाद्या ठरलेल्या दिवशी आत जाता येते. गजांमधून आत डोकावत अप्पांनी विचारले, "एवढी मोठी बाग, आणि आत माणूस नाही?" मी त्यांना किल्ल्यांची व्यवस्था समजावून सांगितली. ते काही बोलले नाहीत, पण पुढचा सगळा वेळ त्यांची नजर कुंपणांवरच होती हे माझ्या लक्षात आले.

लॅडब्रोक ग्रोव्हचा चढ चढू लागलो तेव्हा मैदान पहिल्यांदा जाणवले. नॉटिंग हिलमधली हिल ही खरोखरची टेकडी आहे हे बसमधून जाताना कधी कळत नाही, पायाला कळते. व्हाइटने या टेकडीचा फार सुरेख उपयोग करून घेतला होता. धावपट्ट्या टेकडीच्या भोवतीने गेलेल्या होत्या आणि माथ्यावर उभे राहिलेल्या प्रेक्षकांना घोडे निघाल्यापासून परत येईपर्यंत नजरेआड होत नसत. बांधलेल्या सज्जाची गरजच नव्हती. हे मी मराठीत सांगताच अप्पांचा चेहरा उजळला. आमच्याकडे सातारा जिल्ह्यात बैलगाडा शर्यतीचे मैदान ठरवताना जाणती माणसे आधी हेच पाहतात, की शेजारी माणसांना बसायला उतार आहे की नाही. "टेकडी असली की शर्यत सगळ्यांची होते," अप्पा म्हणाले. मी ते बाईंना सांगितले तेव्हा त्यांनी वहीत टिपून घेतले.

माथ्यावर आज सेंट जॉन्स चर्च आहे, १८४५ सालचे, उंच निमुळत्या मनोऱ्याचे. त्याच्या पायऱ्यांपाशी आम्हाला उभे करून बाईंनी मैदान का बुडाले ते सांगायला सुरुवात केली, आणि इथून पुढचा अर्धा तास हा त्या सकाळचा सर्वांत मोलाचा भाग होता.

या टेकडीवरून एक पायवाट जात होती. नॉटिंग हिल गेटच्या हमरस्त्याकडून निघून ती माथ्यावरून उत्तरेच्या शेतांकडे उतरत असे. ती कुणी बांधलेली नव्हती. लोक पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावरून चालत आले म्हणून ती होती. व्हाइटने कुंपण घातले तेव्हा ही वाट कुंपणाच्या आत गेली आणि बंद झाली. केन्सिंग्टनच्या रहिवाशांनी आक्षेप घेतला, पण मैदान उघडायची तारीख जाहीर झालेली होती आणि व्हाइट थांबला नाही. मग पहिल्या शर्यतीच्या दिवशी लोकांनी वाट ज्या ठिकाणी कुंपणाला भिडत होती नेमक्या त्याच ठिकाणी फळ्या कापून भगदाड पाडले. त्यातून हजारो माणसे तिकीट न काढता आत शिरली, आणि आपण आपल्या वाटेने चाललो आहोत असे म्हणून शर्यती पाहत उभी राहिली. व्हाइटने भगदाड माती घालून बुजवले. त्याच महिन्यात स्थानिक माणसे आणि मजूर, त्यांच्यासोबत परगण्याचा सर्वेक्षकही, पुन्हा तिथे आले आणि त्यांनी वाट पुन्हा मोकळी केली.

इंग्रजीत या हक्काला जे म्हणतात त्याचे शब्दशः भाषांतर करायची मला गरज पडली नाही. "वहिवाट," मी अप्पांना म्हटले, आणि त्यांनी मान हलवली. आपल्या भाषेत हा शब्द किती नेमका आहे ते मला त्या पायऱ्यांवर उभे असताना पहिल्यांदा नीट कळले. वाहणे आणि वाट हे दोन्ही त्यात ऐकू येतात. पायांनी सतत वाहत राहिल्याने जी टिकते ती वाट, आणि ती वाहायची थांबली की हक्कही आटू लागतो.

अप्पांना हे सांगावे लागणार नव्हते, कारण त्यांच्या आयुष्यातली नऊ वर्षे एका वहिवाटीत गेली आहेत. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या मळ्याकडे जाणारी बैलगाडीची वाट दोन शेतांच्या बांधावरून जात असे. एका उन्हाळ्यात शेजारच्या शेतकऱ्याने ती नांगरून टाकली आणि तोंडाशी बाभळीच्या फांद्या आडव्या रचल्या. ऊस तोडणीला आलेला होता. गाडी आत जाईना, ट्रॅक्टर तर दूरच. अप्पांनी मामलेदार कोर्ट कायद्याच्या पाचव्या कलमाखाली अर्ज केला. हा १९०६ सालचा कायदा अजून चालतो, आणि अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते हे त्यांना गावातल्या एका निवृत्त तलाठ्याने वेळेवर सांगितले म्हणून ते वाचले. पंचनामे झाले, नकाशे मागवले गेले, साक्षी झाल्या. पण या सगळ्या काळात त्यांनी एक गोष्ट चुकवली नाही. रोज पहाटे ते त्या नांगरलेल्या पट्ट्यावरून मळ्यात चालत जात आणि चालत परत येत, बाभळीच्या फांद्या ओलांडून. पावसाळ्यात पायाला चिखलाचे थर बसत, तरी ते बांधाला वळसा घालून जात नसत. आईला ते हट्टीपणाचे वाटे. मलाही वाटे. पुढे साक्षीच्या वेळी शेजारच्या वस्तीवरच्या एका म्हाताऱ्या बाईने सांगितले की मी यांना रोज इथूनच जाताना पाहते, आणि निकालात त्या साक्षीचा उल्लेख आला.

चर्चच्या पायऱ्यांवर अप्पांनी बाईंना जो प्रश्न विचारायला मला सांगितले तो असा होता: "कुंपण घातल्यावर जी माणसं रोज त्या वाटेनं जायची, ती मधल्या काळात कुठून गेली?"

बाईंनी नकाशा उलगडला आणि पश्चिमेकडे उताराला असलेली एक अरुंद गल्ली दाखवली. तिचे नाव पॉटरी लेन. आपण कुंभार आळी म्हणू. मैदानाच्या पश्चिम कडेला ही गल्ली होती आणि तिथे वीटभट्ट्या, कुंभारांच्या भट्ट्या आणि डुकरे पाळणाऱ्यांच्या झोपड्या होत्या. टेकडीवरची वाट बंद झाली की उत्तरेकडे जायला ही गल्लीच उरत असे, आणि अंधार पडल्यावर तिथून जायला लोक धजत नसत. तिला गळाकापू गल्ली असेच म्हणत. वाटेसाठी भांडणाऱ्यांमध्ये प्रतिष्ठित घरांतली माणसे इतक्या संख्येने का होती याचे एक उत्तर त्यात आहे. त्यांना मोकळ्या हवेत चालायचे होते हे खरे, आणि गरिबांच्या वस्तीतून चालायचे नव्हते हेही तितकेच खरे. बाईंनी हे दुसरे कारण झाकले नाही, आणि त्यामुळे त्यांच्याबद्दलचा माझा आदर वाढला. एखादी लढाई जिंकलेल्यांच्या बाजूने सांगताना त्यांच्या मनातले सगळे हेतू उजळ करून सांगण्याचा मोह फार मोठा असतो.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येते. लोकांचा हक्क जमीनमालकाच्या मर्जीने रद्द होत नव्हता, त्यामुळे वाट कायमची हटवण्यासाठी व्हाइटला पार्लमेंटमध्ये विधेयक आणावे लागले. त्याला रहिवाशांनी अर्ज करून विरोध केला. ते जमेना तेव्हा १८३९ साली त्याने वाट असलेला भाग सोडून दिला आणि मैदान उत्तरेकडे सरकवून नव्याने आखले. म्हणजे पूर्वेचा चांगला भाग हातचा गेला, नव्या आखणीचा खर्च वाढला, आणि ज्या टेकडीवर सगळी मांडणी उभी होती तिचा उपयोगही कमी झाला.

पण वाट हे अर्धेच कारण होते. उरलेले अर्धे पायाखाली होते. लंडनच्या खाली चिकण मातीचा जाड थर आहे आणि या टेकडीच्या उतारांवर तो अगदी वर येतो. पाऊस पडला की पाणी मुरत नाही, माती फुगते आणि घोड्याचा खूर तिच्यात रुतून बसतो. ऊन पडले की तीच माती विटेसारखी कडक होते. वर्षातले कित्येक महिने इथे घोड्यांचा सराव घेता येत नसे, आणि इथली जमीन धोक्याची म्हणून जॉकी स्वार व्हायला नकार देऊ लागले. मैदान बांधणाऱ्याने टेकडीचा आकार पाहिला, शहरापासूनचे अंतर मोजले, माणसांची आवड ओळखली, आणि माती तपासली नाही. नवल हे की त्याच्या कुंपणाच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, कुंभार आणि वीटवाले याच मातीवर पोट भरत होते. त्यातल्या कुणाही एकाला विचारले असते तरी त्याने सांगितले असते.

चर्चपासून पश्चिमेला उतरताना रस्ते वळत जातात. लॅन्सडाउन क्रेसेंट, त्याच्या पलीकडे दुसरे वर्तुळ, मग तिसरे. आमच्यातल्या एका तरुणाने उत्साहाने विचारले की हे गोल रस्ते म्हणजे धावपट्टीच ना? असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते आणि खरे वाटावे इतके ते देखणे आहे. बाईंनी नकार दिला. शर्यतीचे मैदान येण्याच्या चौदा वर्षे आधी, १८२३ साली, टॉमस ॲलेसन या वास्तुकाराने याच टेकडीवर सुमारे एक मैल परिघाचे मोठे वर्तुळ आणि त्यात घरे व बागा असा आराखडा काढला होता. पुढे १८२५ च्या मंदीत बांधकामे बसली आणि तो बहुतांश कागदावरच राहिला. मैदान गेल्यावर पुन्हा घरे बांधायला सुरुवात झाली तेव्हा गोलाईची तीच कल्पना नव्या रूपात परत आली. म्हणजे रस्ते घोड्यांमागे गेलेले नाहीत; घोडे हे दोन आराखड्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात येऊन गेले. तरुण हिरमुसला. मला मात्र हे उत्तर त्या दंतकथेपेक्षा जास्त आवडले, कारण शहरात मोकळी जमीन बहुधा अशीच मिळते, एक योजना फसल्यानंतर आणि दुसरी सुचण्याआधी.

इथे मला भायखळा आठवले. लंडनला येण्यापूर्वी चार वर्षे मी भायखळ्याला भाड्याच्या खोलीत राहत होते. नागपाडा, मदनपुरा, आग्रीपाडा हे सगळे भाग पायाखालचे होते, आणि महालक्ष्मीच्या आधी मुंबईतल्या घोड्यांच्या शर्यती भायखळ्यालाच होत असत हे मला त्या चार वर्षांत कुणी सांगितले नाही. १८३३ साली स्थापन झालेला भायखळा क्लब तिथे होता आणि साहेब लोकांची रेस तिथल्या सपाट माळावर चाले. १८८३ मध्ये महालक्ष्मीचे रेसकोर्स झाले, जुना माळ वस्तीखाली गेला आणि गिरण्या, चाळी, कारखाने यांच्या गर्दीत त्याची आठवणही बुजली. आता महालक्ष्मीचीच चर्चा चालू आहे. सुमारे २११ एकरांच्या त्या जागेपैकी १२० एकर महापालिकेकडे देऊन तिथे सार्वजनिक उद्यान करायला २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. त्या निर्णयाच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणारे दोघेही एका गोष्टीचा दाखला देतात: सकाळ-संध्याकाळ तिथे चालायला येणारी माणसे. मी स्वतः काही महिने तिथे चालत असे. घोड्यांच्या धावपट्टीशेजारून चालताना ही जागा कुणाची आहे असा प्रश्न मला कधी पडला नव्हता, आणि मला वाटते तो तिथे चालणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवा. मुंबईत कुणी आम्हाला असे हाताला धरून भायखळ्याचे मैदान दाखवले असते तर तो मला पूर्वीच पडला असता.

उतार संपतो तिथे क्लॅरेंडन क्रॉस नावाचा छोटा चौक आहे आणि त्याला लागून हिप्पोड्रोम प्लेस. मैदानाचे नाव आज ज्या मोजक्या पाट्यांवर उरले आहे त्यातली ही एक. पाटी पांढरी, अक्षरे काळी, खाली एका घराच्या दारात मुलांची सायकल टेकवलेली. या बाजूला मैदानाच्या पागा होत्या. शर्यतीचे घोडे इथे बांधलेले असत, मोतद्दार त्यांना खरारा करत असत, आणि भिंतीपलीकडे लगेच पॉटरी लेनची वस्ती सुरू होत असे.

पॉटरी लेन आता विलक्षण नीटनेटकी आहे. रंगीत दारे, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या, आणि घरांच्या किमती ऐकून आमच्यातल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले. बाई तिथे जरा वेळ गप्प राहिल्या आणि मग आकडे सांगू लागल्या. मैदान उठल्यानंतरच्या दशकात या वस्तीत सुमारे १,००० माणसे आणि ३,००० डुकरे राहत होती. झोपड्या होत्या २६० च्या आसपास. विटांसाठी माती काढून काढून पडलेल्या खड्ड्यांत पाणी साचले होते, त्यात डुकरांची घाण जाई, आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या डबक्याला लोक समुद्र म्हणत. १८४९ मध्ये कॉलरा आला. त्याआधीच्या तीन वर्षांत, १८४६ ते १८४८, या वस्तीत मृत्यूच्या वेळचे सरासरी वय भरले ते ११ वर्षे ७ महिने.

हा आकडा मी अप्पांना दोनदा सांगितला, कारण पहिल्यांदा त्यांना मी चुकीचे बोलले असे वाटले. सरासरी अशी खाली येते ती लहान मुले मेल्यामुळे. टेकडीच्या माथ्यावर, दहा मिनिटांच्या अंतरावर, त्याच वर्षांत चर्चला रंगीत काचा आणि घरांना खांबांचे दर्शनी भाग लागत होते. मैदानाच्या हकिगतीत वाटेसाठी झालेला झगडा ठळक दिसतो, कारण त्यात अर्ज आहेत, सभा आहेत, वर्तमानपत्रे आहेत. या गल्लीतल्या माणसांसाठी त्या दिवसांत कुणी पार्लमेंटपर्यंत गेले नाही. मला हे लिहिताना वाटेची लढाई लहान करायची नाही. ती खरी होती आणि योग्य होती. पण जी माणसे पायवाट बंद झाल्याबद्दल पेटून उठली, त्यांनी उतारावरच्या त्या डबक्याकडे पाहिले असते तर बरे झाले असते, असे मला त्या स्वच्छ गल्लीत उभे असताना राहून राहून वाटत होते.

गल्लीच्या टोकाला, वॉल्मर रोडवर, एक भट्टी शिल्लक आहे. बाटलीच्या आकाराची, खाली रुंद आणि वर निमुळती होत गेलेली, विटांची. दोन्ही बाजूंनी घरे तिला चिकटून उभी आहेत. अप्पा तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. वर्षानुवर्षांच्या आगीने काही विटांचा रंग वांग्यासारखा गडद झाला होता, तर काही फिकट राहिल्या होत्या. त्यांनी तळहात भिंतीला लावला. गावी आमच्या कुंभारवाड्यात शेवटची भट्टी बंद झाली तेव्हा तिच्या विटा लोकांनी घरांच्या पायऱ्यांसाठी नेल्या, त्यातल्या चार आमच्या अंगणात आहेत, असे ते म्हणाले. मला ते माहीत नव्हते. त्या विटांवर बसून मी पाढे पाठ केले आहेत.

भट्टीच्या समोर ॲव्हनडेल पार्क आहे. समुद्र म्हणत ते डबके इथेच होते. ते बुजवून १८९२ साली ही बाग केली गेली. ही मात्र सगळ्यांसाठी खुली आहे. झोके होते, मुले होती, एक बाई कुत्र्याला घेऊन बाकावर बसली होती. एका कोपऱ्यात झाड लावण्यासाठी कुणीतरी ताजा खड्डा खणून ठेवला होता आणि रात्रीच्या पावसाचे पाणी त्यात तसेच उभे होते. अप्पा त्या खड्ड्याशी उकिडवे बसले. त्यांनी कडेची मूठभर माती उचलली, बोटांत मळली, तळहातावर वळून तिची सुपारीएवढी गोळी केली आणि अंगठ्याने दाबली. गोळीला एकही चीर गेली नाही. पिवळसर, लोण्यासारखी, बोटांना चिकटून राहणारी माती होती ती.

"हिच्यावर घोडा नाही पळायचा," ते म्हणाले. "हिची मडकी होतील."

मी भाषांतर केले. बाईंनी हात पुढे केला, तेव्हा अप्पांनी ती गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवून दिली.

भटकंती तिथे संपली. लॅटिमर रोड स्थानक इथून जवळ आहे, असे बाईंनी सगळ्यांना सांगितले आणि लोक पांगले. अप्पा जागचे हलले नाहीत. त्यांनी मला नकाशा मागायला सांगितला. माझ्याकडच्या छापील कागदावर बाईंनी पेनाने एक रेघ ओढून दिली, उत्तरेच्या बाजूने टेकडीवर चढून माथ्यावरून दक्षिणेला उतरणारी, ती जुनी वाट साधारण जिथून गेली असावी तिथून. आम्ही त्या रेघेने परत निघालो. ती सरळ चालता येत नाही. मध्ये घरे येतात, घरांच्या मागच्या बागा येतात, कुलूपबंद फाटके येतात, आणि प्रत्येक ठिकाणी वळसा घालून पुन्हा रेघेवर यावे लागते. चढावर अप्पांना दम लागला म्हणून चर्चच्या पायऱ्यांवर आम्ही पाच मिनिटे बसलो आणि सोबत आणलेल्या बाटलीतले पाणी प्यायलो. मग उतरणीला लागलो, लॅडब्रोक स्क्वेअरच्या गजांना समांतर चालत गेलो आणि जिथून सकाळी निघालो होतो त्या तिठ्यावर आलो.

बाजारातून परतणाऱ्यांची गर्दी आता दुप्पट झाली होती. अप्पांनी कागद माझ्या हातातून घेतला, रेघ जिथे संपत होती ते ठिकाण आणि समोरचा बसथांबा यांचा मेळ घातला, आणि विचारले, "कुंपण इथंच होतं ना?"

"इथंच कुठेतरी, अप्पा."

त्यांनी वाकून फुटपाथच्या दगडी कडेला बुटाचा तळवा घासला, आधी उजवा, मग डावा. पिवळी माती कडेला चिकटून राहिली. मग ते सरळ झाले आणि माणसांच्या त्या लोंढ्यातून पलीकडे चालत गेले.